सर गेल्यानंतरचे पाचवे वर्ष

स्नेहमेळाव्याची तयारी सुरू झाल्यापासून आपल्या व्हॉट्सॲप गटावर एक वाक्य पुन्हा पुन्हा येत आहे. "सर निवृत्त झाले आणि शाळेचा खो-खो संपला." कोणी लिहिते, बाकीचे हात जोडलेली चित्रे टाकतात आणि विषय तिथेच मिटतो. हे वाक्य खरे आहे का? एखादा मोठा शिक्षक किंवा प्रशिक्षक गेला की त्याने उभे केलेले खरेच मोडते का? मोडत असेल तर नेमके कशामुळे?

इतिहास हा विषय माझा दहावीला सुटला. पुढे इंजिनिअरिंग आणि मग सॉफ्टवेअरची नोकरी. पण त्या नोकरीपायी काही वर्षे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओमाहा शहरात राहण्याचा योग आला. तिथे हाच प्रश्न एक अख्खे राज्य स्वतःला विचारताना मी पाहिले. म्हणून संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा नेब्रास्काच्या कॉलेज फुटबॉलचा इतिहास सांगायचे ठरवले. आपल्या गटातल्या त्या वाक्याला त्यातून उत्तर मिळते, असे मला वाटते.

आधी थोडी ओळख. हा फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे, फेकायचा आणि समोरच्याने आडवे पाडायचे, असा हा अमेरिकन खेळ. विद्यापीठांचे संघ तो खेळतात. खेळाडू विद्यार्थीच, त्यामुळे चार-पाच वर्षांत प्रत्येक जण बाहेर पडतो. टिकून राहतो तो प्रशिक्षक. नेब्रास्का हे शेतीचे राज्य, लोकसंख्या वीस लाखांच्या आतबाहेर. मोठा व्यावसायिक संघ एकही नाही. त्यामुळे लिंकन शहरातल्या विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. सामन्याच्या शनिवारी तिथले मेमोरियल स्टेडियम भरले की ते राज्यातले तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते, असे तिथे अभिमानाने सांगतात. १९६२ सालच्या नोव्हेंबरपासून त्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपलेली आहेत.

त्या १९६२ सालीच बॉब डेव्हेनी नावाचे प्रशिक्षक तिथे आले. त्याआधीची वीस वर्षे बहुतेक हरण्यातच गेली होती. १९६१ च्या हंगामात संघाने तीन सामने जिंकले, सहा हरले आणि एक बरोबरीत सोडवला. डेव्हेनींच्या पहिल्याच वर्षी नऊ विजय आणि दोन पराभव झाले. पुढची काही वर्षे भरभराटीची गेली. मग १९६७ आणि १९६८ असे लागोपाठ दोन हंगाम ६-४ वर अडकले, आणि १९६८ चा शेवट ओक्लाहोमाकडून ४७-० असा मार खाऊन झाला. लोक संतापले. पण डेव्हेनी १९६७ पासून विद्यापीठाचे क्रीडा संचालकही होते. थोडक्यात, त्यांना घरी पाठवण्याचा अधिकार ज्या खुर्चीला, त्या खुर्चीत तेच बसले होते. त्यांना वेळ मिळाला. त्यांनी खेळण्याची पद्धत बदलली आणि त्या कामाची बरीचशी जबाबदारी टॉम ऑस्बर्न या तरुण सहायकावर टाकली. बॉइड एपली या बांबूउडी मारणाऱ्या विद्यार्थ्याला १९६९ मध्ये व्यायाम प्रशिक्षक म्हणून नेमले. वजने उचलून खेळाडू जड आणि संथ होतात, असा त्या काळी सर्वत्र समज होता. एकही खेळाडू संथ झाला तर तुझी नोकरी गेली, असे डेव्हेनींनी एपलीला बजावले होते म्हणतात. १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षे नेब्रास्का राष्ट्रीय विजेता झाला.

डेव्हेनी १९७२ च्या हंगामानंतर प्रशिक्षकपदावरून बाजूला झाले. अकरा वर्षांत १०१ विजय, २० पराभव, २ बरोबरी. आता संघाचे काय होणार, अशी चर्चा सुरू झाली असेलच. जागेवर आले ऑस्बर्न. नेब्रास्कातल्याच हेस्टिंग्ज गावचे, शैक्षणिक मानसशास्त्रात पीएच.डी. केलेले, शांत, थोडे कोरडे वाटणारे गृहस्थ. पुढची पंचवीस वर्षे ते तिथे होते. एकाही हंगामात संघाने नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. एकूण २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे. शेवटच्या पाच हंगामांत तर ६० विजय आणि फक्त ३ पराभव. म्हणजे मोठा प्रशिक्षक गेल्यानंतरही यश टिकते, इतकेच काय, वाढते, याचा हा ढळढळीत पुरावा.

पण ही बेरीज शेवटाकडून वाचली की फसवते. सुरुवातीकडून वाचून पाहू. ऑस्बर्न पहिल्या पाचही वर्षी ओक्लाहोमाशी हरले. त्या राज्यात ओक्लाहोमाशी हरणे म्हणजे काय, हे आपल्या शाळेतल्यांना वेगळे सांगायला नको. आपल्यालाही नदीपलीकडची शाळा होती. सहाव्या वर्षी, १९७८ मध्ये, तो सामना अखेर १७-१४ असा जिंकला. त्याच वर्षअखेरीस ऑस्बर्न कोलोरॅडो विद्यापीठाची नोकरी पाहायला जाऊन आले, पण शेवटी राहिले. १९८४ च्या जानेवारीत ऑरेंज बाउलच्या सामन्यात मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटात ३१-३० अशी स्थिती होती. एक गुण घेऊन बरोबरी साधली असती तर बहुधा विजेतेपद मिळाले असते. ऑस्बर्न यांनी जिंकण्यासाठी दोन गुणांचा प्रयत्न करायला सांगितला. तो फसला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या हाती आले ते बाविसाव्या हंगामात.

या सगळ्या काळात डेव्हेनी कुठे होते? वरच्या खोलीत. १९९३ पर्यंत ते क्रीडा संचालक होते. आपण स्वतः निवडलेल्या उत्तराधिकाऱ्यावर त्यांनी वीस वर्षे छत्री धरली. ऑस्बर्न टिकले याची अनेक कारणे सांगतात. व्यायामशाळा इतरांच्या आधी उभी राहिली होती. शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने संघात येणाऱ्या गावोगावच्या मुलांची मोठी फौज होती. सहायक प्रशिक्षक वर्षानुवर्षे तेच होते. ही सगळी कारणे खरी आहेत. पण पाच वर्षे ओक्लाहोमाचा डाग पुसता न आलेल्या माणसाला सहावे वर्ष मिळाले, ते त्या छत्रीमुळे.

आता तिसरा माणूस. डिसेंबर १९९७ मध्ये ऑस्बर्न यांनी निवृत्ती जाहीर केली आणि फ्रँक सोलिच त्यांच्या जागी आले. सोलिच अगदी घरचे. साठच्या दशकात डेव्हेनींच्या हाताखाली खेळलेले आणि १९७९ पासून ऑस्बर्न यांचे सहायक. पद्धत तीच, सहायक बहुतेक तेच. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचे तर याहून चांगले हस्तांतरण कागदावर करता येणार नाही.

पहिल्या चार वर्षांचे आकडे असे: ९-४, १२-१, १०-२, ११-२. २००१ च्या हंगामात एरिक क्राउच या त्यांच्या खेळाडूला हाइजमन हा देशातला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान मिळाला. संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला, तिथे मायामीकडून ३७-१४ असा हरला. आणि पाचव्या वर्षी, २००२ मध्ये, सात विजय आणि सात पराभव. १९६२ पासून सलग चाळीस वर्षे हरण्यापेक्षा जिंकण्याची संख्या जास्त असायची. ती परंपरा तुटली.

पाचवेच वर्ष का? क्राउच ओमाहातल्या शाळेतून १९९७ मध्ये विद्यापीठात आला, म्हणजे त्याला निवडले होते ऑस्बर्न यांनी. २००१ पर्यंत संघात जुन्या सरांनी वेचलेली मुले होती. २००२ मध्ये ती जवळजवळ सगळी बाहेर पडलेली. कोठारात धान्य असते तोवर शेत कसे आहे ते कळत नाही. प्रशिक्षक गेल्यानंतरची पहिली चार वर्षे ही जुन्या पेरणीची कापणी असते. नव्या माणसाची परीक्षा पाचव्या वर्षी सुरू होते.

हेच मायामीतही दिसते. नेब्रास्काला हरवणाऱ्या त्या संघाचे प्रशिक्षक लॅरी कोकर २००१ मध्ये सहायकाचे मुख्य झाले आणि पहिल्याच वर्षी एकही सामना न हरता विजेते ठरले. दुसऱ्या वर्षी एक पराभव, मग दोन, मग तीन, पुन्हा तीन, आणि सहाव्या वर्षी सहा. त्या वर्षाअखेर त्यांना काढले. मायामीने १९८३ ते २००१ या काळात चार वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली पाच विजेतेपदे मिळवली होती, तेव्हा मायामीचे यश माणसावर अवलंबून नाही असेच सगळे म्हणत. दक्षिण फ्लोरिडात शाळाशाळांतून तयार होणारे खेळाडू ही त्यांची काळी कसदार जमीन होती. नेब्रास्काकडे अशी जमीन कधीच नव्हती. तिथे सगळे कष्टाने ओलिताखाली आणलेले.

आणि त्या ओलिताचे पाणी नव्वदच्या दशकात इतरत्रही पोहोचले होते. एपलीची व्यायामशाळा पाहून सगळ्यांनी तशाच उभारल्या. एका संघाला देता येणाऱ्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा १९७३ मध्ये १०५ होती, ती १९७८ मध्ये ९५ वर आणि १९९४ पर्यंत ८५ वर आली, म्हणजे उरलेले चांगले खेळाडू इतर विद्यापीठांत वाटले गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सामन्यांच्या दूरचित्रवाणी हक्कांवरची मक्तेदारी मोडली. मग पूर्वी क्वचित दिसणारे संघही दर आठवड्याला पडद्यावर दिसू लागले. १९९६ मध्ये नेब्रास्का टेक्सासच्या विद्यापीठांसोबत नव्या गटात गेला. तिथे शैक्षणिक पात्रता अर्धवट असलेल्या खेळाडूंना घेण्यावर कडक मर्यादा आली, जी नेब्रास्काला नको होती. हे सगळे ऑस्बर्न असतानाच घडले होते. त्याचे बिल सोलिच यांच्या नावावर फाटले.

२००२ नंतर सोलिच हातावर हात ठेवून बसले नाहीत. जुने सहायक बदलले, बचावाची धुरा नव्या माणसाकडे दिली, आणि २००३ मध्ये नऊ विजय, तीन पराभव अशी गाडी रुळावर आणली. हंगामातला शेवटचा सामना कोलोरॅडोविरुद्ध जिंकला आणि दुसऱ्या दिवशी, २९ नोव्हेंबर २००३ रोजी, त्यांना काढून टाकले. काढणारे क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन स्वतः नेब्रास्काचेच. संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही, असे त्यांनी सांगितले. ऑस्बर्न तेव्हा काँग्रेसचे सदस्य म्हणून वॉशिंग्टनला होते. वरच्या खोलीत छत्री धरणारे कोणी नव्हते.

इथे मी एक साधी बेरीज करून पाहिली. सोलिच यांची सहा वर्षे: ५८ विजय, १९ पराभव. ऑस्बर्न यांची पहिली सहा वर्षे: ५५ विजय, १६ पराभव, २ बरोबरी. टक्केवारी काढली तर एकाची ७५, दुसऱ्याची ७७. म्हणजे दोघे जवळजवळ एकाच ठिकाणी उभे होते. एकाला पुढची एकोणीस वर्षे मिळाली, दुसऱ्याला निरोपाचे पत्र. फरक कामगिरीत नव्हता, मोजपट्टीत होता. ऑस्बर्न यांना मोजले गेले ते १९७३ च्या मोजपट्टीने. सोलिच यांना मोजले गेले ते ऑस्बर्न यांच्या शेवटच्या पाच वर्षांच्या, त्या ६० विजय आणि ३ पराभवांच्या मोजपट्टीने. त्या पट्टीने मोजले असते तर स्वतः ऑस्बर्नही १९७८ मध्ये घरी गेले असते.

पुढची गोष्ट थोडक्यात. व्यावसायिक फुटबॉलमधून बिल कॅलहन आले. त्यांनी दशकांची धावण्याची पद्धत मोडून फेकीचा खेळ आणला. २००४ मध्ये पाच विजय, सहा पराभव, आणि एका सामन्यात टेक्सास टेककडून ७०-१०. २००७ मध्ये पेडरसन आणि कॅलहन दोघेही गेले, आणि सत्तरीच्या ऑस्बर्न यांना क्रीडा संचालक म्हणून परत बोलावले. त्यांनी नेमलेल्या बो पेलिनी यांनी सात वर्षे दरवर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकले. २०१४ मध्ये त्यांनाही काढले, तोवर ऑस्बर्न निवृत्त झाले होते. मग माइक रायली, १९ विजय, १९ पराभव. मग २०१८ मध्ये आपलाच मुलगा म्हणून वाजतगाजत आणलेले स्कॉट फ्रॉस्ट, १९९७ च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक. १६ विजय, ३१ पराभव. घरचा माणूस आणला म्हणजे घर उभे राहते असे नाही, हे तेव्हा कळले. १९९९ नंतर नेब्रास्काने आपल्या गटाचे विजेतेपदही जिंकलेले नाही. सोलिच मात्र २००५ मध्ये ओहायो विद्यापीठात गेले. संघ साधाच. सोळा हंगाम तिथे राहिले, ११५ सामने जिंकले आणि त्या गटाच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक झाले. त्यांना तिथे वेळ मिळाला.

अलाबामाची कथाही फार वेगळी नाही. बेअर ब्रायंट यांनी पंचवीस वर्षांत सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून १९८२ च्या शेवटी निवृत्ती घेतली आणि महिन्याभरात त्यांचे निधन झाले. जागेवर आलेले रे पर्किन्स ब्रायंट यांचेच खेळाडू. दुसऱ्याच वर्षी, १९८४ मध्ये, संघ हरण्याच्या बाजूला गेला, १९५७ नंतर प्रथमच. ब्रायंट यांचा शेवटचा हंगाम ८-४ होता, कोठार आधीच रिते होत आले होते, हे कोणी लक्षात घेतले नाही. त्यानंतरचे बिल करी यांनी तीन वर्षांत २६ सामने जिंकले, १० हरले, तरी एका पराभवानंतर त्यांच्या कार्यालयाच्या खिडकीतून वीट आली. ते सोडून गेले. १९९२ मध्ये जीन स्टॉलिंग्ज यांनी विजेतेपद परत आणले, मग पुन्हा उतार, आणि २००७ मध्ये निक सेबन येईपर्यंत चार प्रशिक्षक बदलले. सेबन यांनी तिथे सहा विजेतेपदे मिळवली आणि जानेवारी २०२४ मध्ये तेही निवृत्त झाले. पहिल्याच वर्षी नव्या प्रशिक्षकाचे ९ विजय, ४ पराभव झाले आणि लोक लगेच कुजबुजू लागले.

तर प्रशिक्षक गेल्यावर यश टिकते का? इतिहास सांगतो, टिकू शकते. नेब्रास्कात ते एकदा टिकले आणि एकदा नाही. दोन्ही वेळा वारस घरचा होता, पद्धत जुनीच होती, पहिल्या सहा वर्षांचे आकडेही सारखे होते. पहिल्या वेळी मात्र वाईट वर्ष आले तेव्हा जाणाऱ्या माणसाने पाठीशी उभे राहून वेळ मिळवून दिला, आणि ज्या गोष्टींमुळे संघ पुढे होता त्या अजून इतरांना सापडल्या नव्हत्या. दुसऱ्या वेळी हे दोन्ही नव्हते.

आता आपल्या शाळेकडे येते. सरांचा संघ राज्यस्तरापर्यंत जायचा, ती वर्षे आपण पाहिली, कारण आपण नेमके त्याच वर्षांत शाळेत होतो. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा पारितोषिकांचा फलक मेळाव्याला आल्यावर जरूर वाचा. सर रुजू झाल्याचे साल आणि पहिल्या जिल्हास्तरीय ढालीचे साल यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. त्या नऊ वर्षांत आपल्या आधीच्या मुलांनी काय काय म्हटले असेल, ते आपल्याला माहीत नाही. सरांना ती नऊ वर्षे देणारे तेव्हाचे मुख्याध्यापक आज हयात नाहीत. या स्मरणिकेत त्यांच्या नावे एक ओळ तरी असावी.

सरांच्या जागी बाई आल्या. पहिली तीन-चार वर्षे ढाली येत राहिल्या, मग थांबल्या. वर सांगितलेले गणित इथेही लागू पडते. शिवाय पाणी इथेही इतरत्र पोहोचले आहे. आपल्या वेळी मैदानावर संध्याकाळी साठ मुले असायची, आता सहावीपासून शिकवण्या आहेत. आजूबाजूला नव्या शाळा निघाल्या, मुले वाटली गेली. स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या आणि आपला संघ अजून मातीत सराव करतो. मातीत पाय रोवून खांब मारणारी मुलगी मॅटवर घसरते, हा बाईंचा दोष नव्हे.

बाई मेळाव्याला येणार आहेत. सरही येणार आहेत. मंचावर सरांचा सत्कार होईल, व्हायलाच हवा, त्या वेळी माझ्याही डोळ्यांत पाणी येईल. पण "सरांनंतर काही उरले नाही" हे वाक्य माईकवर कोणी बोलू नये, अशी माझी विनंती आहे. ते बोललेले बाई समोर बसून ऐकत असतील. आणि बाईंना निवडले होते सरांनीच.

जमलेल्या निधीतून सरांच्या नावाची कमान उभारायचा प्रस्ताव आहे. त्याऐवजी मॅट घ्यावी आणि तिला सरांचे नाव द्यावे, असे मी सुचवते. सोबत बाईंना पाच वर्षांचा शब्द द्यावा: सरावासाठी येणाऱ्या मुलांचा खाऊ आणि बुटांचा खर्च आपला, आणि या पाच वर्षांत ढालीबद्दल एकदाही विचारणार नाही. छत्री धरायला वरची खोली लागतेच असे नाही. आपण दोनशे जण आहोत. मॅटच्या वर्गणीची यादी मेळाव्याच्या नोंदणी टेबलावर ठेवलेली असेल.